नवा हॅमस्टर घरी गेल्यावर : गिऱ्हाइकाला काय सांगावे?

लव्हबर्ड, शोभेचे मासे आणि पांढरे ससे यांच्या रांगेत हॅमस्टर हा जिन्नस आता आपल्या बाजारात चांगलाच रुळला आहे. मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटमधील पशुपक्ष्यांची दुकाने जुन्या पिढीच्या परिचयाची आहेतच. पण आज लहान शहरांतील मोहल्ल्यांतही एखाद्या गाळ्यात काचेच्या पेटीत भुशावर झोपलेले हे तांबूस-सोनेरी गोळे दिसतात. ईदनंतरच्या आठवड्यात तर ईदीचे पैसे मुठीत घेऊन मुले अशा गाळ्यासमोर उभी असतात. जनावर लहान, जागा थोडी, आवाज नाही, खाणे चिमूटभर. एका खोलीत राहणाऱ्या कुटुंबालाही परवडते.

विक्री होते, तशाच तक्रारीही येतात. दोन-तीन दिवसांत पेटी परत गाळ्यावर येते. "भाईजान, हा सारखा तोंड चोळत बसतो, याला खाज आहे." "दिवसभर निपचित पडून असतो, आजारी जनावर दिलंत." "पोराला चावला." गिऱ्हाईक टिकावे म्हणून दुकानदार म्हणतो, "आपा, बदलून घेऊन जा." कापडाच्या धंद्यात हे चालते. परत आलेला तागा उलगडून पाहिला, डाग नसला तर पुन्हा घडी घालून फळीवर ठेवला, काही बिघडत नाही. हॅमस्टरचे तसे नाही. पैदास करणाऱ्याकडून ठोक व्यापाऱ्याकडे, तेथून गाळ्यात, गाळ्यातून घरी, घरून परत गाळ्यात आणि मग दुसऱ्या घरी, असे आठ-दहा दिवसांत चार-पाच मुक्काम झाले की चांगले धडधाकट पिलू खरोखरच आजारी पडते. मग मूल रडते, बाप संतापतो आणि दुकानदाराचे नाव मोहल्ल्यात खराब होते. तक्रार घेऊन आलेल्या दिवशी त्या जनावराला बहुतेक वेळा काहीच झालेले नसते. ते फक्त नव्या जागेत बावरलेले असते, आणि तोंड का चोळते हे कोणी गिऱ्हाइकाला सांगितलेले नसते.

मी कापडाचा व्यापारी, जनावरांच्या धंद्यातला नव्हे. पण घरात नातवंडांमुळे हे जनावर काही वर्षांपासून आहे, आणि या गाळ्यांचे मालक आपल्यापैकीच आहेत, म्हणून हा लेखनप्रपंच.

हे जनावर मुळात कोठले, हे आधी पाहिले पाहिजे, कारण त्याच्या साऱ्या सवयी तेथल्या आहेत. आपल्याकडे विकला जाणारा मोठा सोनेरी हॅमस्टर शाम देशातील हलब शहराच्या परिसरातला. हलब म्हणजे इंग्रज ज्याला अलेप्पो म्हणतात ते. आपल्या धंद्यातल्या माणसाला ते नाव अनोळखी नसावे. रेशीम आणि कापडाची ती जुनी पेठ. इंग्रजांच्या लेव्हंट कंपनीची वखार तेथे होती. त्या वखारीचा डॉक्टर अलेक्झांडर रसेल याने हलबच्या निसर्गावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा भाऊ पॅट्रिक याने १७९४ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती काढली, तीत या प्राण्याचा उल्लेख सापडतो. १८३९ मध्ये जॉर्ज वॉटरहाऊस या इंग्रज शास्त्रज्ञाने हलबहून आलेल्या एका नमुन्यावरून त्याचे शास्त्रीय वर्णन केले. नंतर जवळजवळ शंभर वर्षे कोणी त्याची फारशी दखल घेतली नाही.

१९३० मध्ये जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातील सॉल अ‍ॅडलर या संशोधकाला काळ्या आजाराच्या जातीच्या रोगावर प्रयोग करण्यासाठी एक लहान प्राणी हवा होता. त्यासाठी इस्रायल अहरोनी हे प्राणिशास्त्रज्ञ हलबला गेले. गावच्या शेखने मजूर दिले, गव्हाच्या शेतात बरीच खोदाई झाली, आणि सुमारे अडीच मीटर खोलीवर एक मादी आणि तिची पिले सापडली. आता पुढचा प्रसंग गाळेवाल्यांनी नीट वाचावा. आई आणि पिले पेटीत ठेवताच जवळ आलेल्या पहिल्याच पिलाला आईने मारून टाकले. बाकीची वाचावीत म्हणून अहरोनींना त्या मादीलाच मारावे लागले. पिले हाताने वाढवली. त्यांतली काही पळून गेली, काही मेली. हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली, त्यांची वर्षभरात शंभरावर संतती झाली. १९३१ मध्ये काही इंग्लंडला गेली, १९३८ मध्ये अमेरिकेत पोहोचली. आज जगभर पाळले जाणारे बहुतेक सारे सोनेरी हॅमस्टर त्या एका बिळातल्या वंशाचे आहेत. हलबची जुनी पेठ २०१२ साली लढाईत जळाली, आणि रानातला मूळ हॅमस्टरही आता धोक्यात आलेल्या प्राण्यांत गणला जातो. शेतकरी त्याला पिकाचा चोर समजतात. जगभरच्या पिंजऱ्यांत लाखोंनी असलेले जनावर स्वतःच्या वतनात दुर्मीळ झाले आहे.

त्या मादीने पिलू मारले ते दुष्टपणाने नव्हे. खोल बिळात एकटे राहणारे जनावर एकाएकी उजेडात, परक्या वासात, लाकडी पेटीत आले, आणि त्याची घबराट अशा रीतीने बाहेर पडली. आपण काचेच्या पेटीतून पिलू काढून पुठ्ठ्याच्या डब्यात घालतो आणि मोटारसायकलवरून घरी पाठवतो, तेव्हा त्याच्यावर येणारी वेळ याहून फार निराळी नसते.

हॅमस्टरची नजर अधू असते. त्याचा सारा कारभार नाकावर आणि कानावर चालतो. स्वतःच्या अंगाचा वास जेथे आहे तेच त्याचे घर. नव्या पिंजऱ्यात तो वास नसतो. दुकानाचा, पुठ्ठ्याचा, माणसांच्या हातांचा वास असतो. म्हणून पहिल्या दिवसांत तो दोन कामे करतो, लपणे आणि अंग साफ करणे.

अंगसफाईची त्याची एक ठरलेली रीत आहे. मागच्या पायांवर उकिडवा बसतो, पुढचे पंजे चाटतो, त्या ओल्या पंजांनी आधी नाकाच्या बाजू, मग गाल, मग कानांच्या मागून पुढे असे तोंड पुसतो. त्यानंतर वळून कुशी, पोट, मागचे पाय आणि शेवटी शेपटाकडे जातो. घरात रुळलेला हॅमस्टर हे काम झोपेतून उठल्यावर निवांतपणे करतो. मध्ये थांबत नाही, कान ताणून इकडेतिकडे पाहत नाही. चांगला कारागीर काम संपल्यावर हत्यारे पुसून ठेवतो तसे ते दिसते.

बावरलेल्याची सफाई याहून निराळी. दोन-चार झपाट्याचे हात तोंडावरून फिरतात, मग तो जागच्या जागी थिजतो, चार पावले पळतो, पुन्हा तोंड चोळतो. पोटाकडे किंवा पाठीकडे वळतच नाही. पळावे की थांबावे हे न कळल्यावर केलेली ती हालचाल असते. एखादा माणूस कोर्टात साक्षीला उभा राहिला की उगाच टोपी नीट करतो, त्यातलाच प्रकार. गिऱ्हाईक याला खाज समजते. खाज असेल तर हॅमस्टर पंजांनी तोंड पुसत बसत नाही, मागच्या पायाने एकाच जागी पुन्हा पुन्हा खाजवतो, तेथले केस विरळ होतात, कातडीवर खपली किंवा लाली दिसते. तसे दिसले तर किडे-गोचिडीची शंका धरून जनावरांच्या डॉक्टरकडे न्यावे. केस भरगच्च आहेत आणि कातडी स्वच्छ आहे, तर औषधाची काही गरज नाही.

हातात घेऊन खाली ठेवताच तो लगेच अंग चाटू लागतो, यावर मुले रुसतात. "आमच्या हाताची त्याला घाण वाटते," म्हणतात. घाण वगैरे काही नाही. हाताच्या वासाखाली त्याचा स्वतःचा वास झाकला गेला, तो त्याला पुन्हा वर आणायचा असतो. सवय झाली की ही घाई कमी होते.

आणखी एक गोष्ट गाळ्यावरच दाखवून द्यावी, म्हणजे निम्म्या तक्रारी वाचतील. मोठ्या सोनेरी जातीच्या दोन्ही कुशींवर एकेक काळसर ठिपका असतो. नराचा जास्त ठळक. त्या वासाच्या ग्रंथी आहेत. नव्या जागेत हॅमस्टर तेथले केस चाटून ओले करतो आणि भिंतीला अंग घासत चालतो. जागेवर आपला शिक्का मारतो म्हणा. गिऱ्हाइकाला वाटते जखम आहे, पू येतो आहे. दोन्ही बाजूंना सारख्याच जागी सारखाच ठिपका असेल तर तो ऐब नव्हे, ती त्या मालाची जात आहे. एकाच बाजूला गाठ, सूज किंवा रक्त असेल तर मात्र गोष्ट वेगळी.

आता पहिल्या पंधरवड्याकडे वळू. पहिले दोन-तीन दिवस दाणा-पाणी बदलण्यापलीकडे पिंजऱ्यात हात घालू नये. पाहुण्यांना दाखवण्यासाठी उठवू नये. पिंजऱ्याच्या एका बाजूवर ओढणी टाकून अंधार करावा. या काळात तो दाणे गालांच्या पिशव्यांत भरून कोपऱ्यात साठवतो, आणि भांडे रिकामे दिसते म्हणून घरातली माणसे आणखी दाणे ओततात. तो साठा त्याची पुंजी आहे, ती काढून टाकू नये. काकडीसारखी ओली वस्तू मात्र दुसऱ्या दिवशी काढावी, ती सडते. चौथ्या-पाचव्या दिवशी संध्याकाळी जवळ बसून हळू आवाजात बोलावे. तळहातावर चोळलेला टिश्यू पेपरचा तुकडा आत ठेवला तर तो आपल्या बिळात ओढून नेतो आणि आपला वास ओळखू लागतो. मग उघड्या तळहातावर भोपळ्याची किंवा सूर्यफुलाची बी ठेवावी. हात आधी धुवावेत. खाण्याचा वास असलेले बोट त्याला खाणेच वाटते आणि तो चावतो. वरून झडप घालून कधीही उचलू नये, रानात वरून झडप घालणारा घुबड किंवा घार असते. कोणी आठ दिवसांत हातावर येतो, कोणाला महिना लागतो. ज्या संध्याकाळी तो आपल्यासमोर उघड्यावर बसून तोंडापासून शेपटापर्यंत सगळे अंग न घाबरता साफ करतो, त्या दिवसापासून तो घरचा झाला असे धरावे.

पिंजरा धुण्याची घाई हाही एक रोगच आहे. आपल्या घरांत साफसफाईचा कटाक्ष असतो, चांगलेच आहे; पण रोज सगळे काढून साबणाने धुतले की हॅमस्टरचा वास रोज पुसला जातो आणि त्याचा रोज पहिला दिवस असतो. लघवीचा कोपरा रोज साफ करावा. बाकीची अंथरण आठवड्या-पंधरवड्याने थोडी थोडी बदलावी, जुन्यातली काही परत घालावी. हॅमस्टरला पाण्याने आंघोळ कधीच घालू नये, ओले होऊन गारठतो आणि आजारी पडतो. एका भांड्यात स्वच्छ, कोरडी, धूळ नसलेली वाळू ठेवली तर त्यात लोळून तो केसांचा चिकटपणा घालवतो. पावडर मात्र नको, ती फुप्फुसात जाते.

अंथरुणाबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण हा माझ्या धंद्याचा विषय आहे. थंडी लागेल म्हणून घरोघरी पिंजऱ्यात कापूस घालतात. कोणी गादीतली रुई घालतो, कोणी बनियनच्या कारखान्यातली कात्रणे, कोणी यंत्रमागाखालचा वाया गेलेला धागा. बाजारात 'हॅमस्टरसाठी खास' म्हणून रंगीत फुलवलेल्या तंतूंची पाकिटेही मिळतात. ती दिसायला मऊ, पण आपण तंतूची जात ओळखतो. पॉलिस्टरचा तंतू लांब आणि चिवट असतो, ओढला तरी तुटत नाही. हॅमस्टर घरटे करताना गोल गोल फिरतो. तंतू पायाला पिळत जातो, फास आवळतो, रक्त अडते आणि पाय काळा पडून गळतो. कापसाचा तंतू आखूड असला तरी पुंजक्याने तोच घात करतो. शिवाय तो सारे गालांत भरतो. दाणा गालातून सहज निघतो, ओली रुई आत चिकटून बसते. पोटात गेली तर आतडे अडते. तेव्हा रुई, लोकर, धागा, चिंधी, यांतले काहीही नको. बिनछपाईचा, बिनवासाचा कागद किंवा टिश्यू पेपर फाडून द्यावा. तो ओढला की तुटतो, ओला झाला की विरघळतो. सुके गवत चालते. भुसा घालायचा तर धूळ चाळलेला आणि उग्र वास नसलेला. देवदार-चीडसारख्या तेलकट वासाच्या लाकडाचा भुसा श्वासाला बाधतो. हे अंथरूण किमान सहा इंच खोल असावे. ज्याचे पूर्वज अडीच मीटर खाली राहत होते, त्याला दोन बोटे भुशात कसे चैन पडेल?

पिंजरा कोठे ठेवायचा हेही आपल्या वस्त्यांत महत्त्वाचे आहे. भिवंडी-मालेगावकडे कित्येक घरांची भिंत कारखान्याच्या भिंतीला लागून असते. मागांचा खडखडाट माणसाच्या अंगवळणी पडतो, पण जमिनीतून येणारा हादरा हॅमस्टरला सतत कळतो. पिंजरा जमिनीवर न ठेवता कारखान्यापासून दूरच्या भिंतीकडे टेबलावर, खाली जाड सतरंजी घालून ठेवावा. टीव्ही आणि फ्रिजजवळ नको, पत्र्याखाली तर नकोच. उन्हाळ्यात खोली तिशीच्या वर तापली की हॅमस्टर लांब पसरून पडतो, धापा टाकतो. दगडी फरशीचा एक थंड तुकडा आत द्यावा. उलट नाशिक-मालेगावकडच्या कडाक्याच्या थंडीत कधी कधी तो गार पडून आखडतो, श्वास दिसेनासा होतो. मेला समजून लोक टाकून देतात. आधी त्याला ओंजळीत, मग गरम कपड्याजवळ हळूहळू ऊब द्यावी आणि डॉक्टरला दाखवावे. कित्येकदा तो हलू लागतो.

दिवसा झोपणे हा आजार नव्हे, पिंजऱ्यातला हॅमस्टर रात्रीचा राजा आहे. आजार ओळखायचा तो उलट्या खुणेवरून: अंगसफाई थांबणे. केस विस्कटलेले, तेलकट, पाठीला कुबड, डोळे अर्धे मिटलेले, रात्रीही बाहेर न येणे. आणि शेपटीखालचा भाग ओला, घाण वास, पातळ जुलाब दिसले तर एक रात्रही थांबू नये. लहान पिलांना, विशेषतः नुकत्याच झालेल्या स्थलांतरानंतर, हा रोग होतो आणि दोन-तीन दिवसांत जीव घेतो. गाळ्यात अशी एक पेटी दिसली तर त्या पेटीतला एकही नग विकू नये. घरातली माणसांची कॅप्सूल फोडून पाजण्याचा उद्योग तर करूच नये. पेनिसिलिनच्या जातीची औषधे या जनावराच्या आतड्यातले उपयोगी जंतू मारतात आणि त्यानेच ते दगावते.

एक गोष्ट काही दुकानदारांना रुचणार नाही. गिऱ्हाईक लव्हबर्डच्या सवयीने जोडी मागते आणि दुकानदार खुशीने दोन नग विकतो. मोठ्या सोनेरी जातीचे वयात आलेले दोन हॅमस्टर एका पिंजऱ्यात राहत नाहीत. नर-मादी असोत की सख्खे भाऊ. लहानपणी गाळ्यात एकत्र झोपलेले दिसतात म्हणून फसू नये. काही आठवड्यांत एक दुसऱ्याला फाडतो. नर-मादी असतील तर त्याआधी पिले होतात, कारण गर्भाचा काळ अवघा सोळा दिवसांचा. गिऱ्हाइकाला एकच नग द्यावा, दुसऱ्याच्या पैशात मोठा पिंजरा आणि गज नसलेले सपाट चाक घ्यायला सांगावे. नफ्यात फारसा फरक पडत नाही, आणि पिंजरा कधी मरून परत येत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. पाळीव प्राण्यांच्या दुकानांसाठी केंद्र सरकारने २०१८ मध्ये नियम केले, त्यांत हॅमस्टरचे नाव स्पष्ट आहे. राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे दुकानाची नोंदणी करावी लागते. ज्यांनी अजून केली नसेल त्यांनी दंडाची वाट पाहू नये.

गाळेवाल्यांना माझी सूचना एवढीच की अर्ध्या पानाचा एक कागद उर्दू आणि मराठीत छापून प्रत्येक पेटीबरोबर द्यावा. तीन दिवस हात लावू नका, तोंड चोळणे खाज नव्हे, कुशीवरचा ठिपका जखम नव्हे, कापूस घालू नका, शेपटी ओली दिसली तर लगेच डॉक्टर. आणि खाली जवळच्या जनावरांच्या डॉक्टरचा पत्ता. मूळ पेटीतल्या अंथरुणाची एक मूठ पुठ्ठ्याच्या डब्यात घालून द्यावी, त्याला फुटकी कवडी लागत नाही आणि ओळखीचा वास सोबत जातो. हॅमस्टर दाखवायचा तो मगरिबनंतर दाखवावा. भर दुपारी झोपेतून उठवून गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला हॅमस्टर चावणारच. संध्याकाळी तो आपणहून बाहेर येतो, पंजे चाटतो, तोंड पुसतो, आणि कोणता नग धडधाकट आहे हे गिऱ्हाइकाला आपल्या डोळ्यांनी दिसते.